उसाची पावती आणि वकिलीची जोडपदवी

बारामतीजवळच्या पिंपळीतल्या शेतकऱ्याच्या हातात साखर कारखान्याची पावती पडते. तिच्यावर उसाचे वजन असते, पण तिच्यामागे उभा असलेला कायदा दिसत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरली. पुढे उतारा 0.1 टक्का वाढला, की टनाला 34 रुपये 60 पैसे जास्त. त्यातून तोडणी-वाहतूक वजा! या एवढ्याशा कागदावरून वाद कोर्टात गेला, तर वकिलाला कलमही वाचता यायला हवे आणि ताळेबंदही.

अशा वकिलासाठीच जोडपदवी आहे. बारावीनंतर पाच वर्षांत बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी होता येते. पुणे विद्यापीठाच्या बीएसएल एलएलबीत तर तिसऱ्या वर्षाअखेर एक पदवी हातात पडायची आणि आणखी दोन वर्षांनी दुसरी. पिंपळीच्या मुलांना कायदा शिकायला पुणे गाठावेच लागते असेही नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे.

नवल पुढेच आहे. बार कौन्सिलचे 2008 चे नियम एलएलबी चालू असताना दुसऱ्या पदवीला किंवा प्रमाणपत्राला नाव घालायला मनाई करतात, आणि त्याच नियमांत एकाच संस्थेतल्या एकात्मिक जोडपदवीला मुभा आहे. भाषेचे किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ वर्ग आणि विद्यापीठाचे दूरशिक्षणही चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र 1916 मध्ये लंडनला एकाच वेळी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले होते. शिष्यवृत्ती संपल्याने मध्येच परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन त्यांनी 1921 मध्ये एमएस्सी, 1922 मध्ये बॅरिस्टरी आणि 1923 मध्ये डीएस्सी मिळवली. रुपयाचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न एकाच डोक्यात नांदत होते. केवढी झेप!

आपल्या भागासाठी मला सगळ्यात मोलाची वाटते ती जीडीसी अँड ए, म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. सहकार खात्याची ही परीक्षा पदवीधराला देता येते. लेखापरीक्षण, सहकार कायदा, सहकारी बँका असे विषय एकाच परीक्षेत येतात. पास झाल्यावर अनुभवाची अट पुरी केली, की सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संस्थांच्या या पट्ट्यात कायदा आणि हिशोब दोन्ही जाणणाऱ्या माणसाला काम कमी पडणार नाही.

तीन वर्षांच्या एलएलबीला बसलेल्या मुलामुलींकडे पदवी आधीच असते, तेव्हा त्यांनी या परीक्षेचा जरूर विचार करावा. फक्त कुठल्याही प्रमाणपत्राचे पैसे भरण्याआधी ते बार कौन्सिलच्या नियमात बसते का, हे कॉलेजच्या ऑफिसातून लेखी विचारून घ्या.