गडचिरोलीतलं नवजात बाळांचं संशोधन

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत एक साधा प्रश्न तपासला: बाळाला दवाखान्यात नेणं शक्य नसेल, तर उपचारच घरी नेता येतील का? गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, श्वास मोजत. जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत, आणि हेच मला सर्वांत धाडसाचं वाटतं. तुलनेसाठी ४७ गावं होती. एरवी फरक कशामुळे पडला, हे सांगता आलं नसतं. उपचाराच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. आज देशभर आशाताई नवजात बाळांसाठी घरभेटी देतात, त्यामागे हे काम आहे.