आठ जीव आणि एक उकिरडा

आमच्या घरी पाच गिनीपिग, दोन ससे आणि एक हॅमस्टर आहे हे कळलं की लोक आधी त्यांची नावं विचारतात. मग ते खातात काय, हे विचारतात. आणि निघताना, दाराशी चपला घालता घालता, हळूच विचारतात, "पण त्या सगळ्या घाणीचं काय करता हो?" यंदा मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की आता लिहूनच टाकावं असं ठरवलं. विषय लेंड्यांचा आहे. चकली-चिवडा हातात असेल तर तो आधी संपवावा आणि मग पुढे वाचावं.

या आठांपैकी एकही आम्ही दुकानातून आणलेला नाही. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांची घरं कधी हलतील याचा नेम नसतो. कुणाचं प्रोजेक्ट संपतं, कुणाची व्हिसाची मुदत, कुणाला आईवडिलांसाठी पुण्याला परत जायचं असतं. सोफा विकला जातो, गाडी विकली जाते. पिंजऱ्यातल्या जिवांचं काय करायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उगवतो आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. असं करत करत आमचं घर मंडळाचं पांजरपोळ झालं. मुंबईचं पांजरपोळ १८३४ सालचं आहे. आमचं जेमतेम चार वर्षांचं आणि एका शेडपुरतं.

एकाचे अनेक होण्याची आणखी दोन कारणं आहेत. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवला की झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून नियमच आहे, की अशा प्राण्याला त्याच्या जातीची सोबत मिळालीच पाहिजे. म्हणजे सुरुवातच दोनापासून. दुसरं कारण असं, की पिल्लं लहान असताना नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणं अवघड असतं. मादी वयाच्या महिन्या-सव्वा महिन्यातच गाभण राहू शकते आणि साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत विते. "आम्ही दोन बहिणी आणल्या होत्या," असं सांगणाऱ्या घरात पाच गिनीपिग का असतात, ते यावरून समजावं.

आता मूळ प्रश्न. हे प्राणी दिवसभर वाळलं गवत चघळत असतात. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजायला आणि पोट चालतं राहायला गवत लागतंच. सतत खाणारा जीव सतत टाकणारही. पण पिशवी भरते ती लेंड्यांनी नव्हे. लेंड्या मूठभर असतात. त्यांच्याबरोबर ओला झालेला लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा आणि तुडवलेलं गवत जातं, त्याचा ढीग होतो. आठ जिवांचे पिंजरे एका दिवशी पूर्ण उपसले तर दोन मोठ्या काळ्या पिशव्या सहज भरतात. इकडे बऱ्याच ठिकाणी कचऱ्याची गाडी पंधरवड्याने येते आणि त्या एका बिनमध्ये घरातल्या माणसांचाही कचरा बसवायचा असतो. उन्हाळ्यात पिशवी चार दिवस उन्हात राहिली की मुतातल्या अमोनियाचा वास शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जातो.

हे सगळं इतकं विस्ताराने सांगते आहे, कारण आमच्याकडे आलेल्या प्राण्यांपैकी निम्मे कुणी देश सोडला म्हणून आलेले नाहीत. ते या पिशवीमुळे आले. मुलांची माया आटली नव्हती, खाण्याचा खर्चही डोईजड झाला नव्हता. बिन वाहू लागली, घरमालकाने वासावरून बोल लावला, आईची पाठ धरली, आणि एका रविवारी पिंजरा आमच्या दारात आला. कचऱ्याची सोय नसल्याने प्राण्याचं घर सुटतं. म्हणून ही सोय प्राणी आणण्याआधी लावायची गोष्ट आहे.

पिशवी लहान कशी करावी

भूगोलात एम.ए. करून नाशिकच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. तिथली एक सवय अजून आहे: आधी पाहायचं, मग वही उघडायची. आठवडाभर नुसतं पाहिलं तर दिसतं, की हे प्राणी पिंजराभर सगळीकडे सारखी घाण करत नाहीत. ससा ठरावीक कोपरा धरतो. गिनीपिग जिथे खातो आणि जिथे दडून बसतो तिथेच जास्त करतो. म्हणून गवताच्या जाळीखाली एक उथळ ट्रे ठेवायचा आणि रोज तेवढाच बदलायचा. बाकीचं अंथरूण कोरडं राहतं आणि आठवड्याला सगळं उपसावं लागत नाही. आमच्या दोन पिशव्यांची एक झाली ती एवढ्यावरच.

ट्रेमध्ये दाबलेल्या लाकडाच्या गोळ्या घालाव्यात. मांजरांसाठी मिळतात त्याच. त्या ओल शोषतात आणि भिजल्या की त्यांचा भुसा होतो. मात्र त्या नुसत्या लाकडाच्या आहेत ना, हे पिशवीवर वाचून घ्यावं. मातीच्या, गोळा होणाऱ्या प्रकारच्या या प्राण्यांना चालत नाहीत, ते त्या चघळतात. देवदाराचा सुवासिक भुसाही नको. आपल्याला छान वाटणारा तो वास त्यांच्या छातीला त्रास देतो. काही जण फ्लीसचं कापड अंथरतात. कचरा खूप कमी होतो, पण दर दोन-तीन दिवसांनी धुणं निघतं. गवत आणि केस बाहेर झटकून, कापड जाळीच्या पिशवीत घालूनच मशीनला लावावं, नाहीतर मशीनची गाळणी तुंबते. पिंजऱ्याच्या तळाला जमणारा पांढरा खर मुतातल्या कॅल्शियमचा असतो. पाण्यात व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवलं की सुटतो.

काय कुठे जातं

सगळ्यात आधी, संडासात काहीही टाकायचं नाही. भुसा आणि गोळ्या पाण्यात फुगतात आणि पाइप तुंबतो. प्लंबरच्या एका फेरीत वर्षभराचं गवत येईल.

त्यानंतर दोन ढीग करायचे. ससा आणि गिनीपिग शाकाहारी, त्यांचं अंथरूण खत होऊ शकतं. हॅमस्टर मिश्राहारी, किडेही खातो, त्याचं थोडकं अंथरूण बांधून साध्या कचऱ्यात जातं. कुत्र्या-मांजरांची विष्ठा खतात कधीही घालू नये. तिच्यातून माणसाला लागण करणारे परजीवी येतात आणि घरच्या खताच्या डब्यात ते मरतील एवढी उष्णता होत नाही. आजारी प्राण्याचं अंथरूण, मग तो ससा असो वा गिनीपिग, साध्या कचऱ्यातच. गिनीपिगला गजकर्ण होतं आणि ते मुलांना लागतं, म्हणून त्या दिवसांत हातमोजे हवेतच.

घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर आणि गिनीपिगचे पिंजरे तिने साफ करू नयेत. असा संसर्ग क्वचित होतो, पण उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मुतातून येणारा एक विषाणू गर्भाला अपाय करू शकतो. ज्याला दमा आहे त्याने गवत झटकताना मास्क लावावा. झाडू उघड्यावर मारावा, खोलीत नको.

कौन्सिलची तपकिरी बिन, म्हणजे बागेच्या कचऱ्याची, बऱ्याच ठिकाणी वर्षाची फी भरून मिळते. तिच्यात शाकाहारी प्राण्यांचं अंथरूण चालतं का, याचं उत्तर प्रत्येक कौन्सिलचं वेगळं आहे. शेजारच्या गावात चालतं आणि आपल्याकडे नाही, असंही होतं. घर बदललं की नव्याने विचारायचं. मोडका लाकडी पिंजरा "घेऊन जातो, वीस पौंड द्या" म्हणणाऱ्या अनोळखी व्हॅनवाल्याला देऊ नये. त्याने तो रस्त्याकडेला टाकला तर त्याची नोंदणी न पाहता दिल्याबद्दल दंड आपल्यालाही होऊ शकतो.

लेंडीखत

सासूबाई गेल्या वर्षी सिन्नरजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्याच सकाळी मी पिंजरा उपसत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वाकून एक लेंडी बोटात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लेंडीखत! आपल्याकडं यासाठी धनगराला धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवायचे."

मी म्हटलं, "आई, पण यात भुसा फार आहे."

"मग कुजव की. उकिरडा काय एका दिवसात होतो का?"

त्यांना जे अनुभवाने माहीत होतं त्याचं पुस्तकातलं स्पष्टीकरण असं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण पंचवीस-तीस भाग लागतात. लाकडाच्या भुशात हे प्रमाण एकास शेकड्यांत असतं, त्यामुळे नुसता भुसा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. तो तसाच मातीत मिसळला तर जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. लेंड्या, मूत, भाज्यांची सालं, कापलेलं हिरवं गवत यांत नायट्रोजन भरपूर असतो. म्हणून थर लावायचे: एक बादली अंथरुणाची, एक बादली हिरव्याची. मूठभर घेऊन पिळलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दोन आठवड्यांनी खालीवर करायचं. इथल्या थंडीत छोटा डबा तापत नाही, त्यामुळे कागद आणि गवत असेल तर साधारण वर्ष, भुसा जास्त असेल तर दीड-दोन वर्षं धरावीत. डब्याच्या तळाला बारीक लोखंडी जाळी लावावी आणि शिजलेलं अन्न अजिबात घालू नये, नाहीतर न बोलावलेले उंदीर नववे, दहावे होऊन येतात.

ज्यांना अंगण नाही त्यांनी जवळच्या अलॉटमेंटवर चौकशी करावी. तिथल्या बागकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांना हे अंथरूण हवं असतं. आमची अर्धी पिशवी अशीच जाते. मात्र तिथे पहिल्या दिवशी एका आजोबांनी मला जो प्रश्न विचारला, तो प्रत्येकाला ठाऊक असावा. त्यांनी विचारलं, "गवत कुठलं? त्यावर तणनाशक मारलं होतं का?"

कारण असं. २००८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनभर अनेकांच्या बागेत टोमॅटो, बटाटे आणि शेंगवर्गाच्या रोपांची पानं वळून, मुडपून गेली. शोध लागला तो शेणखतापाशी. कुरणातलं रुंद पानांचं तण मारणारं अमिनोपायरॅलिड नावाचं औषध गवतात टिकतं, ते गवत खाल्लेल्या जनावराच्या पोटातून तसंच बाहेर पडतं आणि खतातही बरेच महिने राहतं. जनावराला काही होत नाही, गवताच्या जातीच्या पिकांनाही नाही. मरतात ती नेमकी आपल्या आवडीची रोपं. तेव्हा विक्री थांबवली गेली. पुढे अटी घालून औषध परत आलं, आणि ते आजही वापरात आहे.

उपाय सोपा आहे आणि मुलांना फार आवडतो. दोन कुंड्या घ्यायच्या. एकीत साधी माती, दुसरीत आपलं खत मिसळलेली. दोन्हींत वालाचे किंवा घेवड्याचे चार-चार दाणे पेरायचे आणि तीन-चार आठवडे पाहायचं. खताच्या कुंडीतली कोवळी पानं वाटीसारखी वळली तर ते खत भाजीला घालायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. दोन्ही सारखी आली तर निर्धास्त वापरावं. मेथीही याच कुळातली. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे खिडकीतल्या कुंड्यांत मेथी तरारून आली. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दाट पेरलीस."

मुलांचा वाटा

मुलं प्राणी मागतात तेव्हा आपण विचारतो, "तू त्याच्याशी खेळशील ना? खायला घालशील ना?" यावर कुठलंही मूल नाही म्हणत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. पिशवी कोण बांधणार? ती कुठल्या बिनमध्ये जाणार? आणि आपण दोन आठवडे भारतात गेलो तर कोण उपसणार? ज्या घरात या तीन प्रश्नांना नावानिशी उत्तर आहे, तिथून पिंजरा आमच्या दारात येत नाही. आमच्याकडे सात वर्षांचा धाकटा रोज ट्रे रिकामा करतो आणि अकरा वर्षांची थोरली रविवारी थर लावते. भांडणं होतात, पण कामं होतात. ज्या मुलीचे दोन गिनीपिग पुण्याला जाताना आमच्याकडे राहिले, ती अजून महिन्यातून एकदा कॉल करते. भुऱ्या आणि ठिपकीला पाहते आणि न चुकता विचारते, "काकू, त्यांचा ट्रे आज कोणी केला?" ज्या मुलाने स्वतः ट्रे उपसला आहे, तेच असं विचारतं.

गावाकडे दिवाळीत गोठ्यात आणि विहिरीपाशी पणती लावतात, तशी उकिरड्यावरही लावतात. पाडव्याच्या पहाटे घरातला केर काढून "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत बाहेर टाकतात. जिथे टाकतात तिथेच दिवाही लावतात, कारण पुढच्या वर्षीचं पीक तिथूनच येणार असतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इंग्लंडातल्या थंडीत आमच्या उकिरड्याचे दीड वर्षात फिटले. यंदा पाडव्याला शेडमागच्या त्या हिरव्या डब्याजवळ आम्हीही एक पणती ठेवणार आहोत. झाकणापासून जरा लांब, कारण आत गवत आहे.