कर्ज फिटले, पण पत कधी सुधारणार?



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसच्या बाकावर ऊसतोडीच्या तारखांइतकीच कर्जाची बोलणी निघतात. असेच एकदा एक सभासद आमच्याकडे आले. पाण्याअभावी खोडवा वाळला आणि ट्रॅक्टरचे हप्ते थकले. पुढे ऊस बरा आला, घरच्या दोन म्हशी विकल्या, आणि तडजोडीत ठरलेली रक्कम भरून ते मोकळे झाले. नंतर ठिबकसाठी दुसऱ्या बँकेत गेले, तर साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "तुमचं सिबिल खराब आहे." सभासद आम्हाला म्हणाले, "बँकेनं सांगितली तेवढी रक्कम भरली की हो! आता आणि काय फेडायचं राहिलंय?"

हा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून चार गोष्टी येथे मांडत आहोत.

पूर्वी पत म्हणजे गावातला शब्द होता. आज तो आकडा झाला आहे. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका व फायनान्स कंपन्या आपल्या कर्जाची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात. कर्ज द्यायचे की नाही हे मात्र बँकच ठरवते, सिबिल नव्हे.

आता त्या सभासदाचे दुखणे पाहू. तडजोडीत बँकेने काही व्याज सोडले होते. त्यामुळे अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असे न येता 'सेटल्ड' असे आले. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे ठरल्यापेक्षा कमी घेऊन मिटवले. आपल्या लेखी दोन्ही सारखेच, पण पुढच्या बँकेच्या लेखी तसे नाही. तडजोड करूच नये असे आम्ही म्हणत नाही, गळ्याशी आल्यावर माणूस काय करणार? पण सही करण्यापूर्वी खात्यावर काय शेरा पडणार हे विचारून घ्यावे. नंतर ऐपत आली तर सोडलेली रक्कम भरून शेरा बदलून मिळेल का, हेही त्याच बँकेला लेखी विचारावे.

पूर्ण फेड झाली असेल तर 'येणे बाकी नाही' असा दाखला त्याच दिवशी मागावा. घर-जमिनीचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. आपल्याकडे ऊसबिलातून वसुली कापली जाते. कपातीची पावती जपावी आणि ती रक्कम कर्जखात्यावर कोणत्या तारखेला जमा झाली ते पासबुकात पहावे. बिलातून कापले म्हणजे खात्यात भरले, असे धरून चालू नये.

त्यानंतर स्वतःचा अहवाल मागवावा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. फेडलेले कर्ज बाकी दिसते का, न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आहे का, हे तपासावे. जामीनदारांनी तर जरूर पहावे. पाव्हण्याच्या कर्जाला दिलेली सही तुमच्याही अहवालात येते, आणि त्याने हप्ते थकवले तर झळ तुम्हाला लागते. चूक असल्यास तक्रार नोंदवावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

खरी नोंद मात्र कोणालाच पुसता येत नाही. "पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणारे एजंट तालुक्याच्या गावी फिरतात. त्यांच्या हाती पैसे आणि आधारकार्ड देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. थकलेल्या महिन्यांची नोंद वर्षानुवर्षे राहते. ती पुसायची नसते, तिच्यावर चांगल्या नोंदींचा थर चढवायचा असतो. त्यासाठी पेलेल तेवढेच लहान कर्ज घ्यावे आणि हप्ता तारखेच्या आधी भरावा. पीककर्ज मुदतीत नवे-जुने करावे. एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नयेत, प्रत्येक चौकशीची नोंद होते. बँकांनी किमान पंधरवड्याला माहिती कळवावी असा दंडक १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे चांगले वागणेही आता लवकर दिसते. तरी पत सुधारायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. आडसाली लावणीला दीड वर्ष थांबणाऱ्या आपल्या माणसाला धीर शिकवायला नको.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. वहीत काय लिहिले आहे हे कुळाला कळत नसे, हे त्या रागाचे एक मूळ होते. आजची वही जाळता येत नाही, पण मागितली तर वाचता येते आणि चुकली असेल तर दुरुस्त करून घेता येते.

आमच्या त्या सभासदाने अहवाल मागवला, बँकेला अर्ज दिला. उत्तर यायचे आहे. तोवर पीककर्ज मात्र त्यांनी मुदतीआधी भरले आहे. आपणही एकदा आपली वही वाचावी. ज्यांना अहवाल समजत नाही त्यांनी घरातल्या शिकत्या मुला-मुलीला शेजारी बसवावे. त्यात कमीपणा कसला?