जुन्या जीपगाडीचा जीर्णोद्धार

पनवेल हें गांव एके काळीं बैलगाडीच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होतें. तो धंदा आतां मागें पडला. परंतु चाकाविषयींचें कुतूहल गांवांतून गेलें आहे असें मात्र नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं जुन्या जीपगाडीची हौस आहे, आणि ‘अशी गाडी घ्यावी कीं न घ्यावी?’ असें पालक आम्हांस वरचेवर विचारीत असतात. आम्ही स्वतः एकदां या फंदांत पडलों व हात पोळून घेतले. म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहीत आहों.

ही गाडी मूळ आली कोठून, तें प्रथम पाहूं. १९४० सालीं अमेरिकेच्या लष्करास चिखलांतून व चढावावरून धांवणारी हलकी गाडी हवी होती. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर या गांवीं बँटम नांवाचा एक लहानसा कारखाना होता. त्यानें ४९ दिवसांच्या मुदतींत पहिला नमुना तयार करून दाखविला. पण कारखाना लहान आणि मागणी प्रचंड! तेव्हां मोठें काम विलीज व फोर्ड या दोघांकडे गेलें, आणि १९४५ पर्यंत त्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. एकाचे भाग दुसऱ्याच्या गाडीस बसावे असा दंडक होता. फोर्डनें मात्र आपल्या मालावर, अगदीं बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धां, ‘एफ्’ हें इंग्रजी अक्षर उमटविलें. हें अक्षर वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें परदेशांतून सुटे भाग आणवून विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. आज आपल्या बाजूस ‘जुनी जीप’ म्हणून जी दिसते, ती बहुधा युद्धांतली नसून याच कंपनीची सीजे-३बी असते. तिची खूण म्हणजे उंच बॉनेट. तिच्या इंजिनांत हवा आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर बसविल्या असल्यामुळें इंजीन उंच झालें, व त्यावरील झांकणहि उंचावलें. विकणारा तिला खुशाल ‘दुसऱ्या महायुद्धांतली’ म्हणतो. आपण बॉनेट पाहावें व गप्प राहावें.

चारहि चाकांना जोर मिळतो तो असा. इंजिनाची शक्ति गिअरपेटींतून आणखी एका पेटींत येते; तेथून एक दांडा मागच्या आंसाकडे व एक पुढच्या आंसाकडे जातो. पुढचा जोड चालकाच्या हातांतील लहान दांडीनें घालतां वा सोडतां येतो. मागचीं चाकें चिखलांत जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं पुढचीं गाडीस ओढून काढतात. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर हा जोड घालून ठेवणें घातक आहे. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात, म्हणजे त्यांस अधिक अंतर तोडावें लागतें. आणि दोन्ही दांडे तर एकाच वेगास बांधलेले! चिखलांत चाक थोडें घसरून आपली सुटका करून घेतें. डांबर घसरूं देत नाहीं, व सारा ताण पेटींतील दातेरी चाकांवर येतो. म्हणून गाडी पारखतांना ती ओल्या माळावर न्यावी व तेथें जोड घालून पाहावा.

आतां आमची फजिती. खाडीकांठच्या एका गांवीं आम्हांस अशी एक सीजे-३बी दाखविण्यांत आली. नवा हिरवा रंग, काळे तुळतुळीत टायर. आम्ही भाळलों व त्याच दिवशीं विसार देऊन मोकळे झालों. पहिल्याच पावसाळ्यांत कर्नाळ्याच्या रस्त्यावर चाक खड्ड्यांत आदळलें, खालून ‘कट्’ असा आवाज झाला, आणि स्टिअरिंग एका अंगास ओढूं लागलें. गाडी कशीबशी कडेस घेतली. वांकून पाहतों तों पुढच्या स्प्रिंगच्या टोंकापाशीं चॅसीची डावी बाजू तडकलेली! आंतून ती गंजानें पोखरून पापुद्र्यासारखी झाली होती. वरून पातळ पत्रा डागून, लांबी भरून, रंग फांसलेला होता. मागच्या बाकावर आमचा भाचा बसला होता. थोडें पुढें उतार होता. त्या दिवसाची आठवण झाली कीं अजून पोटांत गोळा येतो.

कोंकणांतील गाडीचा खरा वैरी इंजिनाचा बिघाड नव्हे. इंजीन दुरुस्त होतें. येथें चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा; चॅसीच्या पोकळींत चिखल बसतो, तो ओलावा धरून ठेवतो, आणि लोखंड आंतल्या अंगानें सडत जातें. म्हणून खिशांत एक लहान हातोडी, एक लोहचुंबक व सुतळीचा गुंडा घेऊन जावें. चॅसीवर टिचकी मारीत जावें. निरोगी लोखंड खणखणतें, सडकें बद्द वाजतें. चुंबक फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जाड लांबीवर तो धरत नाहीं. चॅसीचे दोन कर्ण सुतळीनें मोजावे; ते सारखे नसतील तर गाडी कधीं तरी जोरानें आपटलेली आहे. इतकें करण्यास अर्धा तास लागतो. आम्हीं तो दिला नाहीं.

कागदपत्रांची गोष्ट तितकीच महत्त्वाची. इंजिनावरील व चॅसीवरील अंक नोंदणीपुस्तकाशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावे. पेट्रोल महागल्यावर अनेक मालकांनीं मूळ इंजीन काढून डिझेलचें बसविलें. तो बदल पुस्तकांत नोंदलेला नसेल तर पुढें फार मनस्ताप होतो. लष्करी लिलावांतील गाडी असल्यास विक्रीचा कागद मागावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठेवलें आहे, व मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते; रोज बाजारास जाण्यासाठीं नव्हे. जुन्या गाडींत फसणारे आम्हीच पहिले होतों असेंहि नाहीं. १९४८ सालीं आपल्या सरकारनें लंडनमार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्या मागविल्या. त्यांतील १५५ मद्रासेस उतरल्या, त्या निरुपयोगी ठरल्या, आणि तें प्रकरण संसदेंत कित्येक वर्षें गाजत राहिलें.

आमची गाडी आम्हीं टाकली नाहीं. चॅसीचा सडका भाग कापून तेथें तितक्याच जाडीचें लोखंड जोडविलें. डागकामापूर्वीं पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकाम्या टाकींतील वाफहि भडकते. ब्रेकचीं रबरें सगळीं नवीं घातलीं, तेथें काटकसर केली नाहीं. इंधनाच्या नळ्याहि बदलल्या, कारण आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं. सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारांत हिंडून मिळविले. उघडलेला प्रत्येक बोल्ट डब्यांत, आणि डब्यावर चिठ्ठी. ही शिस्त आमच्या विद्यार्थ्यांनीं आमच्यापेक्षां चांगली पाळली.

एके दिवशीं तेलांत भिजत घातलेले पुढच्या बंपरचे बोल्ट त्यांनीं पुसले. चारांपैकीं तिहींच्या डोक्यांवर ‘एफ्’ निघाला! म्हणजे युद्धांतल्या कुठल्या तरी मोडक्या फोर्ड जीपचे बोल्ट पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीनें आमच्या गाडीस लावले होते. ते मूळचे नव्हेत, काढून टाकावे, असें कांहींचें मत पडलें. दोन दिवस वाद चालला. शेवटीं आम्हीं ते घांसून, तेल लावून, पुन्हा होते तेथेंच बसविले. चौथा बोल्ट मिळतो कां, हें पाहण्यासाठीं मुलें अजून कुर्ल्यास जात असतात.