‘कंचेभागुबेव’ आणि संगणक

पदावली सोडवताना पुण्यातल्या मराठी शाळांतून आपण ‘कंचेभागुबेव’ पाठ करून घेतो : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आता १० − ३ + २ घ्या. ‘बे’ आधी, म्हणून बेरीज आधी केली तर उत्तर ५ येते. संगणक ९ सांगतो. दहा रुपयांतले तीन खर्चले, मग दोन मिळाले, तर हाती नऊच!

बेरीज-वजाबाकीचा क्रम एकच आहे. अशा वेळी सी भाषा डावीकडून उजवीकडे जाते. घातांक मात्र पायथॉन उजवीकडून सोडवते : २**३**२ म्हणजे ५१२. एक्सेलमध्ये २^३^२ चे उत्तर ६४! तेव्हा क्रमाबरोबर दिशाही शिकवूया आणि शंका असेल तिथे कंस घालूया.