उशीर कुणाच्या घड्याळात? – प्रवीण तांबे यांची कारकीर्द

मागच्या व्याख्यानात आपण सांख्यांचा सत्कार्यवाद पाहिला. कार्य हे कारणात आधीपासूनच असतं. तेल तिळात असतं म्हणून तिळातून निघतं, वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. नैयायिक याच्या उलट म्हणतात, घडा मातीत नव्हता, तो नव्याने झाला. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "सर, माणसाच्या बाबतीत कसं ठरवायचं?" प्रश्न चांगला होता, म्हणून आजचं उदाहरण दर्शनग्रंथांतलं घेत नाही. क्रिकेटमधलं घेतो. पालीत हे उदाहरण कुणाला परकं वाटायचं कारण नाही. भातकापणी झाली की मळ्यात स्टंप रोवले जातात आणि शिमग्याला मुंबईकर आले की स्पर्धांचे फलक लागतात.

उदाहरण आहे प्रवीण तांबे यांचं. जन्म ८ ऑक्टोबर १९७१. आयपीएलमधला पहिला सामना ७ मे २०१३ ला, जयपूरला, राजस्थान रॉयल्सकडून दिल्लीविरुद्ध. वय ४१ वर्षं, वर सात महिने. तोवर त्यांनी रणजी करंडकाचा एकही सामना खेळलेला नव्हता. आता तुलना म्हणून सांगतो. सचिन (त्याला अहो-जाहो करायची सवय महाराष्ट्राला कधी लागलीच नाही) तांब्यांपेक्षा दीड वर्षाने लहान. तो मुंबईकडून रणजी खेळला डिसेंबर १९८८ मध्ये, पंधराव्या वर्षी, आणि पहिल्याच सामन्यात शतक केलं. पंचवीस वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०१३ ला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोरच्या संघांत होते. सचिनचा तो शेवटचा वीस षटकांचा सामना. तांबे यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते. त्या स्पर्धेत सर्वाधिक बळी त्यांचे होते, पाच सामन्यांत १२. आणि मग त्याच मोसमात त्यांना मुंबईकडून रणजी खेळायला मिळालं. म्हणजे एकाचं घड्याळ थांबत असताना दुसऱ्याचं सुरू झालं.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'उशिरा उमललेलं फूल'. मला हा शब्दप्रयोग खटकतो. उमललं उशिरा, की पाहणारा उशिरा आला? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली की सगळीच चर्चा भोंगळ होते.

तांबे मुळात मध्यमगती गोलंदाज. मुंबईत ओरिएंट शिपिंगच्या संघात खेळत होते, तिथले कर्णधार अजय कदम यांनी त्यांना लेगस्पिन टाकायला सुचवलं. म्हणजे बघा, तेल तिळात होतं हे मान्य केलं तरी घाणा कुणीतरी दाखवावा लागला. न्यायदर्शनात याला सहकारी कारण म्हणतात. बी, माती, पाणी, ऊन. बी मुख्य खरं, पण एकटं बी कणगीत पडून राहतं.

त्यातून लेगस्पिन ही विद्याच उशिराची. वेगवान गोलंदाजाचं भांडवल शरीर असतं आणि तिशीनंतर ते खर्ची पडत जातं. लेगस्पिनरचं भांडवल मनगट. चेंडू मनगटातून सुटतो, म्हणून टप्पा धरायला वर्षं जातात. नवशिका एका षटकात दोन सुंदर चेंडू टाकतो आणि दोन आखूड, ज्यांवर चौकार बसतात. कर्णधाराचा धीर संपतो तो तिथेच. ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट पहिली कसोटी खेळला १९२५ साली, तेहतिसाव्या वर्षी, आणि त्या एका सामन्यात त्याने ११ बळी घेतले. पुढे कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारा तो पहिला गोलंदाज ठरला. त्याला 'उशिरा' म्हणायचं, की त्या विद्येचा अभ्यासक्रमच तेवढा लांब आहे म्हणायचं?

दुसरं सहकारी कारण म्हणजे जागा. तांबे ज्या वयात रणजीसाठी दार ठोठावत होते, त्या काळात मुंबईच्या संघात लेगस्पिनर म्हणून साईराज बहुतुले होते. प्रथम श्रेणीत सहाशेहून अधिक बळी घेतलेला माणूस! जोडीला नीलेश कुलकर्णी, रमेश पोवार. एका खुर्चीवर एकच माणूस बसतो. यात कुणी कुणावर अन्याय केला असं मला म्हणायचं नाही, बरं का. गर्दीच्या गावात गुणी माणूस उभा राहतो, एवढंच.

आणि तिसरं कारण, आयपीएल. ती सुरूच झाली २००८ मध्ये, तेव्हा तांबे छत्तिशीत होते. वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला टाकायचे असतात फक्त २४ चेंडू. चाळिशीच्या शरीराला दिवसाला तीस षटकं जड, पण चार झेपतात. ज्या खेळात त्यांचं वय अडचण ठरणार नव्हतं, तो खेळच त्यांच्या तारुण्यात अस्तित्वात नव्हता. याला त्यांचा उशीर म्हणणं म्हणजे गाडी यायच्या आधी फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला 'उशिरा आलास' म्हणणं झालं.

इथे फुटबॉलमधलं एक उदाहरण मुद्दाम घेतो, कारण त्यातून आपल्या खेळाची एक गोष्ट लख्ख दिसते. इटलीत डारियो हुबनर नावाचा स्ट्रायकर होता. तरुणपणी खिडक्यांच्या चौकटी बसवायचं काम करायचा. सर्वोच्च साखळीत, म्हणजे सेरी आ मध्ये, पोहोचला १९९७ साली, तिशीत. २००१-०२ मध्ये पियाचेन्झासारख्या छोट्या संघाकडून २४ गोल करून तो त्रेझगेच्या बरोबरीने साखळीत अव्वल ठरला. वय पस्तीस. पुढे लुका टोनीने अडतिसाव्या वर्षी वेरोनाकडून हाच मान मिळवला, पण टोनी तेव्हा विश्वविजेता म्हणून गाजलेला होता. हुबनरची गोष्ट वेगळी. तो तिसऱ्या श्रेणीत गोल करत होता, मग दुसऱ्या श्रेणीत, मग पहिल्या, आणि तिन्ही ठिकाणी कधी ना कधी सर्वाधिक गोल त्याचेच झाले. तिथे शिडी आहे. खालच्या पायरीवरचा गोल मोजला जातो, संघच्या संघ वरच्या श्रेणीत जातो, आणि मोठे क्लब खालच्या श्रेणीतला माणूस विकत घेतात. आपल्याकडे कांगा लीगमध्ये, भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर तुम्ही ढिगाने बळी घ्या. तुमचा क्लब काही रणजी खेळायला जात नाही. तिथे निवड होते, आणि निवड म्हणजे कुणाची तरी नजर. हुबनरला गोल पुरले. तांब्यांना बळींबरोबर नजरही लागली, आणि ती पडली तेव्हा ते डी. वाय. पाटील संघाकडून खेळत होते. राजस्थानचा कर्णधार त्या वर्षी राहुल द्रविड होता.

बरं, नजर पडल्यावरही लगेच चमत्कार झाला असं नाही. २०१३ च्या आयपीएलमध्ये तीन सामने, बळी शून्य. पंचविशीतल्या पोराला यानंतर 'अजून वेळ आहे' म्हणतात, बेचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला काय म्हणतात ते तुम्ही जाणता. संघाने त्यांना ठेवलं, हे मला त्या हॅटट्रिकइतकंच महत्त्वाचं वाटतं. हॅटट्रिक पुढच्या वर्षीची, ५ मे २०१४, अहमदाबाद. कोलकात्याला १७१ हव्या होत्या आणि ते बिनबाद १२१ वर निवांत होते. आधी वॉटसनने एका षटकात तिघांना बाद केलं. मग तांब्यांनी मनीष पांडेला यष्टिचीत केलं तो चेंडू वाइड, म्हणजे हिशेबात धरला जात नाही असा. पुढच्या चेंडूवर युसूफ पठाणचा झेल स्वतःच घेतला, त्याच्या पुढच्यावर टेन डोशाटे पायचीत. वैध चेंडू दोनच, बळी तीन. दोन धावांत सहा गडी गेले आणि राजस्थान दहा धावांनी जिंकलं.

आता मुद्द्याचं बोलू. बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये नैतिक नशीब नावाची कल्पना मांडली. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं. संसार मागे टाकून ताहितीला गेलेला माणूस. चित्रं थोर झाली म्हणून आपण त्याला समजून घेतो. फसली असती तर बायकापोरांना सोडून गेलेला बेजबाबदार मनुष्य म्हटलं असतं. निवड तीच, पण तिचं समर्थन नंतरच्या निकालावर अवलंबून. तांबे चाळिशीपर्यंत खेळत राहिले ही चिकाटी, असं आज सगळे म्हणतात. २०१२ साली त्यालाच काय म्हटलं असतं? 'या वयात कसली खेळं?' हेच ना?

पण फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट मुलांना सांगू नये. तांबे गोगँसारखे सगळं सोडून गेले नाहीत. मुंबईत कंपन्यांचे, बँकांचे संघ होते. टाइम्स ढालीसाठी कचेऱ्या एकमेकींशी लढायच्या, आणि क्रिकेटपटूला त्यामुळे पगार मिळायचा. घर चालवत खेळता येत होतं. ही व्यवस्था आता पुष्कळ आटली आहे. पालीतला एखादा मुलगा बापाला म्हणेल, 'तांबे एकेचाळीसला पोहोचले, मला आयटीआय नको,' तर बापाने त्याला विचारावं, तांब्यांची नोकरी कुठे होती ते तुला माहीत आहे का?

आणि ज्यांच्यावर नजर कधी पडलीच नाही त्यांचं काय? पद्माकर शिवलकरांनी १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूचे एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण ५८९. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण डावखुऱ्या फिरकीच्या खुर्चीवर बिशनसिंग बेदी होते. तेही पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत प्रथम श्रेणी खेळले. सत्कार्यवादी म्हणेल, गुण तर होताच. नैयायिक म्हणेल, कसोटीपटू मात्र झाला नाही. मला विचाराल तर इथे दोघेही बरोबर आहेत. त्या मुलाला माझं उत्तर हेच. आधी कोणता शब्द तपासतोयस ते ठरव, 'गुण' की 'कारकीर्द'. गुण माणसात असतो. कारकीर्द दहा जण मिळून घडवतात आणि त्यातले नऊ जण आपल्या ओळखीचे नसतात.

तांब्यांचं पुढचं थोडक्यात सांगतो, चहा तयार असल्याची खूण झाली आहे. डिसेंबर २०१९ च्या लिलावात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोलकात्याने त्यांना वीस लाखांना घेतलं, पण परदेशातल्या दहा षटकांच्या लीगमध्ये खेळल्यामुळे ते अपात्र ठरले. ऑगस्ट २०२० मध्ये ते त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरिबियन लीगमध्ये उतरले. त्या लीगमध्ये खेळलेले ते पहिले भारतीय. त्या मोसमात त्यांचा संघ बाराच्या बारा सामने जिंकला.