रुमालाखालचा भाव

लेखमाला : रूढी, संस्था आणि अर्थव्यवहार (लेखांक सातवा)

मागील लेखांकात आपण वऱ्हाडातील वतनदारीचा विचार केला. आज त्याच मुलखातील बाजाराकडे वळावयाचे आहे. संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस पूर्णेचे खोरे. या दोहोंमधील काळ्या जमिनीत, आणि विहिरीला गोडे पाणी न लागणाऱ्या खारपाणपट्ट्यातही, पिढ्यान्‌पिढ्या कापूस होत आला आहे. या कापसाचा भाव मागणी आणि पुरवठा यांवरून ठरतो असे जे सर्रास सांगितले जाते, ते खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण सौदा कोणासमोर होतो, माल कोणत्या मापाने तोलला जातो, कोणत्या दस्तुराने त्यातून वजावट होते आणि तक्रार ऐकण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, यांवरच शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम अखेर अवलंबून राहते.

1853 च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस विलायतेस पोहोचेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी या काळ्या मातीवर खिळली. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा निघाला व त्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी केले. परंतु रूळ आणि तारायंत्रे आली तरी सौद्याचा रिवाज होता तोच राहिला. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत आणि त्याखाली बोटे दाबून आकडा सांगत. ज्याने वर्षभर राबून माल आणला तो शेतकरी बैलांचा कासरा धरून शेजारीच उभा असे, पण त्याला दिसे ती केवळ कापडाची हालचाल. बोटे थांबली की सौदा झाला असे त्यास सांगण्यात येई. शेजारच्या गाडीला काय भाव मिळाला हे कळण्यास मार्ग नसल्यामुळे आपल्या मालाची खरी किंमत काय, हा प्रश्न विचारण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते.

भाव ठरल्यावर वजावटी सुरू होत. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, गोरक्षणाची पट्टी, रोख रकमेवरील वटाव, ओलाव्याच्या आणि कचऱ्याच्या नावाखाली कापला जाणारा कडता, आणि नमुना म्हणून उचललेला मूठमूठ कापूस. यांपैकी एकेक बाब क्षुल्लक, पण सर्वांची बेरीज जाचक. तरीही शेतकरी तेथेच का जाई? त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे मला अन्यायाचे वाटते. पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसा देणारा, लग्नकार्यात हात देणारा, प्रसंगी सवाई-दिढीने धान्य देणारा सावकार अनेकदा तोच अडत्या असे. माल दुसऱ्या दुकानी नेणे म्हणजे पुढील मृगात दार बंद करून घेणे. शिवाय अनोळखी खरेदीदाराने पैसे बुडविले तर न्यायालय दूर आणि खर्चिक, अशा स्थितीत अडत्याचा शब्द हीच एक हमी होती. रिवाज टिकला तो एक खरी गरज भागवीत होता म्हणून. त्या गरजेची किंमत मात्र एकाच पक्षाकडून वसूल होत होती.

हा रिवाज मोडण्याचा हिंदुस्थानातील पहिला कायदेशीर यत्न वऱ्हाडातच व्हावा, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. वजनमापे, दलालांचे परवाने आणि आकार यांवर बाजार समितीची देखरेख सुरू झाली. 1928 साली शेतकीविषयक शाही आयोगाने या बाजारांचा दाखला देऊन इतर प्रांतांनीही असे बाजार काढावेत अशी शिफारस केली. मात्र समित्यांत व्यापाऱ्यांचे वर्चस्व आणि उत्पादकांचा आवाज क्षीण, हे वैगुण्यही नजरेआड राहिले नाही. नियम लिहिणारा आणि नियमाखाली येणारा एकच असेल तर नियमाची धार बोथट होणारच. महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिले. परंतु ते प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार बहुतेक काळ सेवा सहकारी सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडेच राहिला.

कायदा एक सांगतो आणि रूढी दुसरे करविते, याचे अधिक बोलके उदाहरण शेतातच आहे. कापूस वेचतात त्या बहुतांशी स्त्रिया. विक्रीची पट्टी फाटते ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 सालीच दिला, आणि तरी गावोगावच्या बहिणी माहेर तुटू नये म्हणून भावाला हक्कसोडपत्र करून देतात.

आज रुमाल गेला, पण दारात येणारी खेडा खरेदी वाढली आहे. व्यापारी गावात काटा लावतो, रोख पैसे देतो, गाडीभाडे वाचवितो; ही सोय खरी आहे आणि अडलेल्या कुटुंबाने ती स्वीकारली तर त्यास दोष देता येत नाही. परंतु तेथे दुसरा बोली लावणारा नसतो, आणि कडता किती धरावा हे पुन्हा एकाच माणसाच्या तोंडावर येते. म्हणून संग्रामपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे की, वेचणी संपण्यापूर्वीच चार-पाच घरांनी मिळून माल एकत्र करावा, शक्य तेथे तो जाहीर लिलावात न्यावा, आणि घरी विकावाच लागला तर काट्याची पावती हाती आल्याशिवाय गाठोडे उचलू देऊ नये.

पुढील लेखांकात : सालदारीचा करार आणि गुढीपाडवा.